शनिवारची बडीशेप

आमच्या घरी बडीशेप दोन ठिकाणी असते. एक स्वयंपाकघरात, धनाडाळ घालून भाजलेली, जेवणानंतरची. दुसरी ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत, कागदाच्या पुडीत. पहिली मी भाजते. दुसरी कोण आणतं, कधी संपते, पुन्हा कधी येते, याबद्दल गेल्या ३६ वर्षांत घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला हे म्हणतात, "जरा जाऊन येतो." कुठे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. सव्वादहाला स्कूटरचा आवाज येतो, इंजिन बंद होतं आणि गेटपाशी दोन मिनिटं शांतता. ती पुडीची वेळ. मग हे आत येतात, चपला नीट लावण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात आणि चपलांच्या कपाटाकडे बघतच मला विचारतात, "झोपली नाहीस अजून?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा विचारलं होतं. "कारखान्यातले दोघं-तिघं भेटतात," असं उत्तर आलं. खोटं नव्हतं ते, पुरं नव्हतं एवढंच. सासूबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता "दुधाकडे बघ गं जरा" म्हणून मला आत पाठवलं. आत गेले तर दूध अजून तापायलाच ठेवलेलं नव्हतं. तेवढ्यावर मी काय समजायचं ते समजले.

गंमत अशी की दारू कशी होते हे आमच्या घराइतकं आळीत कुणाला ठाऊक नसेल. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते, पुढे तिथल्याच डिस्टिलरीत. उसाच्या रसातली साखर काढून घेतली की मागे काळी, चिकट, काकवीची कडू बहीण शोभावी अशी मळी उरते. ती पाण्यात पातळ करायची, यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं. मग ते उकळून वाफ गार केली की स्पिरिट. मुलाच्या सातवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ह्यांनी हे सगळं चार्टपेपरवर रंगीत बाणांसह काढून दिलं होतं. शेवटच्या बाणापुढे लिहिलं होतं, 'औद्योगिक उपयोग'.

परमिट रूम मी आतून कधी पाहिली नाही. सांगली-मिरज रस्त्याने शाळेत जाता-येता बसच्या खिडकीतून मात्र तीस वर्षं पाहिली. काळी काच, दाराला जड पडदा, वर लाल-हिरव्या दिव्यांची माळ, आणि पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय'. ती सोय वापरणारी फॅमिली मी अजून बघायची आहे. नावातलं 'परमिट' आलं ते १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. कागदोपत्री आपल्याकडे दारूबंदी आहे आणि ज्याला प्यायची त्याने परवाना काढायचा. म्हणजे पिणारा प्रत्येक माणूस हा परवानगी घेऊन चूक करणारा माणूस. मग तो अंधारात बसणारच. समोरच्या टेबलावर मेव्हणा असला तरी दिसू नये, एवढा अंधार.

हे सगळं आठवायचं कारण म्युनिक.

मुलगा तिकडे नोकरीला लागून सहा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो. पहिल्या रविवारी त्याने आम्हाला तिथलं प्रसिद्ध होफब्रॉयहाउस दाखवलं. दरबाराला लागणारी बिअर लांबून विकत आणणं महाग पडायला लागलं, तेव्हा बव्हेरियाच्या ड्यूक विल्हेल्म पाचव्याने १५८९ साली स्वतःचीच ब्रुअरी काढली, ती ही. "आपल्याकडे संस्थानिक तळी बांधायचे," हे पुटपुटले, पण मान वर करून रंगवलेल्या कमानी बघत राहिले. गर्दी एवढी होती की चौघांना एकत्र जागा मिळेना. निम्मे लोक फोटो काढत होते. आम्हीही काढले आणि बाहेर पडलो. मुलगा म्हणाला, "आई, हे पाहुण्यांसाठी. खरं बघायचं तर आमच्या गल्लीतलं बघ."

पुढच्या रविवारी सकाळी अकराला त्या गल्लीतल्या बिअर हॉलला गेलो. सकाळी अकराला! आमच्याकडे त्या वेळी कुकरची दुसरी शिट्टी होते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो उजेड. शाळेच्या सभागृहाएवढं दालन, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, पडदे नाहीत. ऊन सरळ टेबलांवर पडलेलं. टेबलं लांबच्या लांब, दोन्हीकडे बाकं, आपल्या लग्नाच्या पंगतीसारखी. वेगळं टेबल धरून बसायची पद्धतच नाही. रिकामी जागा दिसली की शेजारच्याला विचारायचं, इथे कुणी आहे का, आणि सरकून बसायचं. एका बाकावर तान्हं बाळ पालथं पडून पाय हलवत होतं. पलीकडे काठीवर हनुवटी टेकवलेल्या आजी. टेबलाखाली एक कुत्रा झोपलेला, त्याच्या शेपटीवर कुणी पाय देऊ नये म्हणून लोक आपापले पाय जपत होते. कोपऱ्यात पितळी वाद्यांचा बँड, थेट आमच्या वरातीतल्या बँडचे सख्खे चुलतभाऊ, फक्त चड्ड्या कातड्याच्या. आवाज म्हणाल तर सकाळच्या मंडईइतका. पण भांडण कुठे ऐकू आलं नाही.

मी तिसऱ्या मिनिटाला अख्ख्या दालनावर नजर फिरवून घेतली. वर्गावर गेल्यावर पहिल्यांदा मागच्या बाकाकडे बघायचं, ही मास्तरकीची खोड. इथे मागचा बाकच नव्हता. तोंड लपवून बसलेलं कुणी दिसेना.

खाण्याचं आधी ठरवायला घेतलं, कारण तो भाग सोपा असेल असं वाटलं होतं. मुलगा मेनूकार्ड वाचून सांगायला लागला. पहिलं नाव वाइसवुर्स्ट, पांढरं सॉसेज. म्युनिकची शान. "कशाचं आहे ते आधी सांग," मी म्हटलं. तो घुटमळला. सूनबाई कराडची, ती स्पष्ट बोलते. "वासराचं, आई. वर डुकराची चरबी." आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. बेंदराला बैलांच्या पायांवर पाणी घालणारं, त्यांना पुरणपोळी भरवणारं घर आमचं. ते जमणार नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं.

मग दुसरं, न्युर्नबर्गर. बोटाएवढी छोटी सॉसेजेस, सात ते नऊ सेंटिमीटरची, त्या मापावरून आणि त्या शहरावरून नाव राखून ठेवलेली. पूर्ण डुकराची. इथे मात्र विचार करावा लागला. ह्यांचं आजोळ शिराळ्याकडचं. त्यांच्या लहानपणीच्या रानडुकराच्या रश्शाच्या गोष्टी मी लग्नापासून ऐकतेय, त्या सांगताना आजही ह्यांचा आवाज बदलतो. पण 'रान' काढून नुसतं डुक्कर म्हटलं की डोळ्यांसमोर उघडं गटार येतं. एका शब्दाने जेवणाचं गटार होतं! "इथली डुकरं गटारात नसतात, बाबा," सूनबाई म्हणाली. हे म्हणाले, "रविवार आहे ना आज?" म्हणजे वार आडवा येत नव्हता. मागवली. सोबत फ्राइज, तिकडे त्यांना पोमेस म्हणतात.

"आणि प्यायला?" मुलाने विचारलं.

या दोन शब्दांनी आमच्या टेबलावर जी शांतता पसरली, ती मला गेटपाशी ऐकू येते तसलीच होती.

"मी काय, ज्यूस घेईन," हे म्हणाले. सफरचंदाचा रस, सोडा घालून.

"मलाही तेच," मुलगा म्हणाला. सहा वर्षं म्युनिकमध्ये राहिलेला, ३३ वर्षांचा, लग्न झालेला माझा मुलगा.

बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं नाही. एकाची नजर बँडकडे, दुसऱ्याची मेनूकार्डात. आमच्या शेजारी एक म्हातारा त्याच्या नातवासोबत बसला होता आणि दोघांच्या पुढे बिअर होती. पोरगा असेल सोळा-सतराचा. तिकडे बिअरसाठी सोळा वर्षं पुरतात. आपल्याकडे बिअरला २१ आणि बाकीच्याला २५. माझ्या दहावीच्या वर्गातलं पोरगं असं आजोबांशेजारी ग्लास घेऊन बसलेलं मला काही आवडलं नाही, हेही सांगून टाकते. पण तो आजोबांना काहीतरी सांगत होता आणि आजोबा ऐकत होते, ते मात्र आवडलं.

सूनबाईने मेनूकार्ड मिटलं. "मग असं करू. हे दोघं रस पिऊ देत. आई आणि मी बिअर घेतो. चालेल ना, आई?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "चालेल की."

ह्यांच्या चेहऱ्यावर मी असा भाव फक्त एकदा पाहिला होता, २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलाच्या पातळीचा आकडा टीव्हीवर आला तेव्हा.

माझ्यासाठी सूनबाईने रॅडलर सांगितलं. रॅडलर म्हणजे सायकलवाला. निम्मी बिअर, निम्मं लिंबाचं गोड सरबत. १९२२ साली म्युनिकजवळच्या एका खानावळवाल्याकडे सायकलवाल्यांची झुंड आली, बिअर पुरेना, म्हणून त्याने पडून असलेलं सरबत मिसळून खपवलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. आमच्याकडच्या दूधवाल्यांना ही युक्ती फार आधीपासून माहीत आहे. ऑर्डर घेणाऱ्या बाई वही मिटून निघाल्या, तेवढ्यात हे घसा खाकरून म्हणाले, "एक... एक साधी बिअरपण सांग. प्रोसेस समजून घ्यायला."

"मग दोन," मुलगा म्हणाला. त्याला कुठली प्रोसेस समजून घ्यायची होती ते त्याने सांगितलं नाही.

बिअर येईपर्यंत ह्यांनी प्रोसेस समजावून दिली. मळीत साखर तयार असते, धान्यात नसते. धान्यातल्या पिठाची साखर करायला आधी त्याला मोड आणावे लागतात. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. "म्हणजे मटकीचंच करते मी रोज, पुढचं तेवढं करत नाही," मी म्हटलं. पुढे हॉप्सची फुलं घालून उकळायचं, कडवटपणासाठी आणि टिकण्यासाठी. भिंतीवर १५१६ चा बव्हेरियाचा कायदा चौकटीत लावला होता. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही, असा. मुलाने वाचून दाखवला, तर हे एकदम ताठ झाले. "आणि यीस्ट? यीस्टशिवाय काय डोंबल आंबणार?" यीस्ट नावाचा सजीव हे काम करतो हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. ते कळायला एकोणिसावं शतक आणि पाश्चर यावा लागला. कायदा करणाऱ्यांना खरं काम कोण करतंय याचा पत्ता नव्हता, या गोष्टीने माझा सरकारी खाक्याला कंटाळलेला निवृत्त नवरा कमालीचा खूश झाला.

तोवर मी टेबलावरच्या टोपलीतले ब्रेत्सेल खाऊ लागले होते. गाठ मारलेला खारा पाव, बाहेरून कडक, आत मऊ. माझी समजूत, हा चकणा आहे. सांगलीत फुटाणे, खारे शेंगदाणे, काकडीचे काप आपोआप येतात, असं ऐकून होते. (कुणाकडून, ते विचारू नका.) तीन खाल्ले. बिल आलं तेव्हा कळलं, टोपलीतला प्रत्येक नग मोजून पैसे. फुकट चकण्याच्या बाबतीत आमची सांगली म्युनिकच्या पुढे आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

शेजारच्या म्हाताऱ्याचं खाणं आलं. झाकणाच्या भांड्यात गरम पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारी दोन पांढरी सॉसेजेस, वाटीत गोडसर मोहरीची चटणी. हा पदार्थ दुपारी बाराचे टोल पडायच्या आत खायचा, अशी जुनी रीत. बर्फाची कपाटं नव्हती त्या काळातली. आता साडेअकरा वाजले होते आणि म्हातारा घड्याळाच्या बाजूने होता. नातवाने सुरीने साल चिरून आतलं काढून घेतलं, शहरी पद्धतीने. म्हाताऱ्याने ते बोटांत धरलं, टोक चटणीत बुडवलं, तोंडाला लावलं आणि डोळे अर्धे मिटून आतला गर ओढून घेतला. साल रिकामं होऊन लोंबायला लागलं.

"अगं बघ," हे माझ्या कानाशी म्हणाले, "हा तर नळी ओढतोय."

खरंच. तंतोतंत तीच मान, तेच गाल, तोच सुर्र आवाज. आमच्याकडे मटणाच्या दिवशी नळी कुणाच्या ताटात पडते यावरून मान-अपमान होतात. ती आधी ताटावर आपटायची, मग ओढायची, निघाली नाही तर मागून फुंकायची. माझे सासरे मगज निघेपर्यंत कुणाशी बोलत नसत. ह्यांनी मुलाला ते म्हाताऱ्याला सांगायला लावलं. मुलाने कसंबसं सांगितलं, हाताने हाड धरून दाखवलं. म्हातारा हसला, त्याने आपल्या भाषेत 'त्सुत्सेल्न' असा शब्द सांगितला. चोखून खाणं. आणि नातवाच्या काटा-सुरीकडे बोट दाखवून कपाळाला हात लावला. नातवंडांना नळी ओढता येत नाही, हे दुःख दोन्हीकडे सारखंच.

मग बिअर आली. ह्यांचा आणि मुलाचा अर्ध्या लिटरचा काचेचा मग. आणणाऱ्या बाईंच्या दोन हातांत मिळून एकेक लिटरचे आठ मग होते. शाळेत वह्यांचे गठ्ठे उचलून माझे खांदे गेले, त्या बाईंचे खांदे कशाचे असतील?

सूनबाईने नियम सांगितला. प्रोस्ट म्हणायचं, मग आपटायचे आणि आपटताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. चुकवलं तर अशुभ मानतात.

सूनबाईशी झालं. मुलाशी झालं. मग माझ्यासमोर हे. मग उचललेला, मिशीखाली काहीतरी पुटपुटत असलेले, आणि नजर माझ्या मागच्या खिडकीवर. मी मग तसाच धरून थांबले. दर शनिवारी चपलांच्या कपाटाकडे बघणारा हा माणूस. थांबले. शेवटी त्यांनी बघितलं. डोळे जरासे लाल होते, उन्हाने असतील. "प्रोस्ट," मी म्हटलं. "हां, तेच," हे म्हणाले.

आणि मग ते झालं. ह्यांनी मग खाली घेतला, अनामिका फेसात बुडवली आणि अंगठ्याने उडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले. इतक्या सहज, की त्यांचं त्यांनाही कळलं नाही. जेवणाआधी चित्राहुती घालावी तसं. ही सवय एका दिवसात लागत नाही, ती वर्षानुवर्षांच्या शनिवारांनी लागते. मी ते बोट बघितलं. नंतर मुलाकडे बघितलं, तर त्याचंही बोट फेसात होतं.

सूनबाई इतकी हसली की कुत्रा उठून बसला. मग मुलगा हसला, मग मी. हे आधी रागावल्यासारखे झाले, मग म्हणाले, "शिकला कुठनं रे?" मुलगा म्हणाला, "वालचंदच्या होस्टेलला. तुम्ही?" "मी नोकरीला लागलो तेव्हा," हे म्हणाले. बापलेकांचं या विषयावरचं आयुष्यातलं पहिलं संभाषण. पुढचा तासभर ते दोघं बोलत होते. होस्टेल, कारखान्याचा पहिला बॉयलर, कुणीतरी वारलेला मित्र, त्याच्या नावानेच ते थेंब असतात म्हणे. मित्राचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. ह्यांच्या शनिवारात तो सतरा वर्षं होता.

माझ्या रॅडलरबद्दल सांगायचं तर, लिंबू सोड्यात मेथीदाणा पडावा तशी चव. वाईट नव्हती. निम्मी प्यायले, उरलेली सूनबाईने संपवली.

सॉसेजेस आली, सहा, आंबवलेल्या कोबीच्या गादीवर. निखाऱ्यावर भाजलेली, सालावर काळ्या रेघा. आतल्या मसाल्याला कुठेतरी ओव्याच्या जवळचा वास, मारजोरम घालतात म्हणे. ह्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि मग "शिराळ्याची सर नाही" असं जाहीर करून चार संपवली. फ्राइज मात्र माझ्या. ताटलीभर, लालसर मीठ भुरभुरलेल्या, बाहेरून कुरकुरीत, आत उकडलेल्या बटाट्यासारख्या. दोनदा तळतात. एकदा मध्यम तेलात शिजवून काढायच्या, निववायच्या आणि मग कडकडीत तेलात रंगावर आणायच्या. मिरचीची भजी आपण अशीच दोनदा तळतो. पलीकडची एक तीन-चार वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली, तिने माझ्याकडे बघितलं, मी ताटली पुढे केली, तिने एक उचलली. मग दुसरी. तिच्या आईला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, राहू दे, पंगत आहे.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, नाहीतर मी दारूची तरफदारी करतेय असं वाटेल. माझी सुरुवातीची नोकरी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. सहावीतली एक मुलगी सोमवारी हमखास गैरहजर. रविवारी बाजार, बापाच्या हातात मजुरीचे पैसे, रात्री आईला मार, सोमवारी आई उठू शकत नाही म्हणून पाण्याला ही. आपल्याकडे गावोगावच्या बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी करायला गावातल्या एकूण बायका-मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी मत द्यावं लागतं, आलेल्यांपैकी नव्हे, एकूणांपैकी. माझ्या दारात ती पेटी आली असती तर मीही आडवीवरच शिक्का मारला असता. त्या उजेडातल्या दालनात बसूनही मला हेच वाटत होतं. जर्मनीतही बिअरने घरं मोडतच असतील, ती काही रविवारी सकाळी त्या दालनात येऊन बसत नाहीत.

पण आमच्या घरात कुणी मारलं नाही, पगार उडवला नाही. आमच्याकडे नुसता अंधार होता, आणि तो राखायला आम्ही सगळ्यांनी मिळून किती मेहनत घेतली! सासूबाईंनी दूध पुढे केलं. मी झोपेचं सोंग केलं. मुलाने चार्टपेपरवर 'औद्योगिक उपयोग' लिहून घेतलं.

निघायच्या आधी एकदा बिअरच्या बागेतही गेलो. चेस्टनटच्या झाडांखाली टेबलं. जुन्या काळी बिअर उन्हाळ्यात करायला बंदी होती, १५३९ च्या हुकुमाने सप्टेंबरअखेर ते २३ एप्रिल एवढेच दिवस. मग उन्हाळ्याची बिअर जमिनीखालच्या तळघरांत साठवायची आणि तळघर गार राहावं म्हणून वर दाट सावलीची झाडं लावायची. "हरिपूरची पेवं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. कृष्णाकाठच्या मातीत खोल खणलेली, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता सांभाळणारी. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. तळघरांवर पुढे लोक बिअर प्यायला बसायला लागले, तेव्हा १८१२ साली राजाने ब्रुअरीवाल्यांना तिथे बिअर विकायची मुभा दिली, जेवण विकायची नाही. त्यातूनच लोकांनी आपला डबा घरून न्यायची पद्धत पडली. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर आजही डबा उघडता येतो. मी उघडला. सांगलीहून नेलेलं भडंग, वरून कच्चा कांदा. शेजारच्या टेबलावर थोडं दिलं, तर त्यातल्या एकाला लसणाच्या तिखटाने घाम फुटला आणि त्याने पुन्हा हात पुढे केला.

परत आलो. भिशीत मैत्रिणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? राजवाडे सांगितले, तळी सांगितली, फोटो दाखवले. बिअर हॉलचा फोटो आला तेव्हा एकीने चष्मा वर करून विचारलं, "हे काय घेऊन बसलीयस?" मी म्हटलं, "लिंबू सोडा." निम्मं खरं होतं.

पहिल्या शनिवारी साडेसातला हे "जरा जाऊन येतो" म्हणून गेले. सव्वादहा, गेट, दोन मिनिटं, चपला. दुसऱ्या शनिवारी तेच. मला वाटलं, म्युनिक म्युनिकलाच राहिलं. मी तरी कुठे विचारलं होतं?

गेल्या शनिवारी साडेनऊलाच स्कूटर वाजली. गेटपाशी थांबली नाही. हे सरळ आत आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, कागदावर तेलाचे डाग पडलेले. चपला तशाच दारात.

"काय आहे?"

"फिंगर चिप्स. तिथल्या."

'तिथल्या' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. मी पुडकं उघडलं. वाफेने सगळ्या मऊ पडल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. लोखंडी तव्यावर परतून घेतल्या, थोड्याशा कडक झाल्या. भडंगाच्या डब्याच्या तळाशी मसाला उरला होता तो वरून टाकला. ताटली घेऊन मागच्या पायरीवर बसलो. हे शेजारी, अर्ध्या हातावर. बडीशेपेचा वास नव्हता, दुसरा होता.

एक तोंडात टाकून मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"तिथे कमीच असतं," हे म्हणाले, "नेहमी वरून मागून घ्यावं लागतं."